माझा खोकला आणि वहिनीचा
खोकला आधी मला झाला. हे आज सत्तरी ओलांडल्यावर सांगते, कारण आता कुणाचं काही बिघडत नाही.

निजामाच्या राज्यातला हिवाळा होता, ज्वारी हुरड्यात आलेली. सेनगावकडच्या आमच्या खेड्यात सर्दीची साथ आली. माझं आधी नाक गळलं, मग अंग तापलं आणि चार दिवसांनी सर्दी छातीत उतरली. माझ्या थोरल्या भावाची बायको, माझी वहिनी, उशाशी बसून माझी छाती शेकायची. आठवड्याच्या आत तीही खोकायला लागली. दोघींचा खोकला इतका सारखा, की भिंतीपलीकडून मायलाही ओळखू येत नसे.

मला आलं-मध, काढा, गोधडीवर गोधडी. वहिनीला चूल. कापसाच्या ओल्या पऱ्हाट्यांच्या धुरात ती खोकून खोकून वाकायची आणि भाकरी करपली की मायच्या शिव्या खायची. लग्नाला चार वर्षं झाली तरी तिची कूस उजवली नव्हती. माय निमित्तच शोधत होती.

"हिला क्षय झाला," माझ्या खोकल्याच्या पंधराव्या दिवशी माय म्हणाली. भावानं त्याच दिवशी आपलं ताट वेगळं केलं. शूर माणूस!

वडिलांनी जवळच्या गोरेगावहून म्हातारा हकीम आणला. त्यानं नाडी पाहिली, पाठीला कान लावला, थुंकी पाहिली.

"क्षय न्हाई, बाई. ताप उतरला, थुंकीत रगत न्हाई, भूक बराबर हाय. सर्दीचाच खोकला हाय. तीन-तीन हप्ते ऱ्हातो, मग आपोआप जातो. कोमट पाणी द्या, आराम द्या, धुरापासून दूर ठेवा. घरात आणखी कोनी खोकून राहिलं का?"

"न्हाई," माय म्हणाली.

मी दाराआड तोंडात पदर कोंबून उभी होते. औंढ्याकडचं एक स्थळ मला पाहून गेलं होतं. मायनं क्षय म्हटलेला वहिनीचा खोकला आणि माझा एकच, हे बाहेर फुटलं असतं तर सोयरीक मोडली असती. म्हणून मीही गप्प बसले.

हकिमाच्या बोलण्यातलं मायनं 'दूर ठेवा' एवढंच उचललं. वहिनीचं अंथरूण गोठ्यात गेलं. तिथं गुरांसाठी शेणकुटांची धुनी असायची, त्यामुळे खोकला आणखी बळावला. मग मायनं बिब्बा तापवून तिच्या छातीवर डाग दिले. फोड आले, फुटले. मी पाणी ठेवून यायची, लांबूनच.

माझा खोकला विसाव्या दिवशी थांबला. चार-पाच दिवसांनी वहिनीचे वडील तिला माहेरी न्यायला बैलगाडी घेऊन आले. गाडीजवळ तिनं माझा हात धरला.

"वन्सं, माझा खोकला गेला. कालपासून एकदाबी न्हाई आला. तुमचा गेला तसाच. आत्याबाईला सांगा ना."

माय चार पावलांवर उभी होती.

"मला काय ठाऊक?" मी म्हणाले आणि हात सोडवून घेतला.

वैशाखात एकाच मांडवात आम्हा दोघा भावंडांची लग्नं लागली, माझं पहिलं, भावाचं दुसरं. वहिनी माहेरच्या गाडीत बसताना मायनं तिच्या हातातले चांदीचे गोट उतरवून घेतले होते. मांडवात ते माझ्या हातात होते. आज लाज वाटते, पण त्या दिवशी मला ते फार आवडले होते.