बिनरंगाची राणी

धामणगाव बढ्याच्या जत्रेतल्या नाटकात राणी म्हणजे इंद्रभान, हे चौदा वर्षं ठरलेलंच होतं. एरवी तो वांगी-मिरची पिकवणारा माळकरी गडी. पण लुगडं नेसून, मान वळवून उभा राहिला की पुढच्या रांगेतल्या बायकाही पदर सावरून बसायच्या. अशी ती अदा!

एकोणसत्तर साली ही मानच त्याच्यावर उलटली. गळ्यावर, कोपरापर्यंतच्या हातांवर लाल चट्टे उठले. खाज अशी, की तालमीत संवाद म्हणता म्हणता राणी गळा खाजवायची.

"देवीचा कोप हाय," कोणी म्हणालं. "बाईचं सोंग घेते ना!"

"मंग देवीनं चौदा वर्सं वाट काऊन पाहिली?" इंद्रभान म्हणाला आणि दर गुरुवारी गावात येणाऱ्या डॉक्टरकडे गेला.

डॉक्टरांनी चट्टे पाहिले, राणीच्या गळ्या-हातांना फासायच्या सफेद्याचा, पांढऱ्या रंगाचा, डबा मागवून हुंगला. "हा रंग तुझ्या कातडीला सोसत नाही. हे मलम घे. दिवसातून दोनदा, अगदी पातळ, फक्त चट्ट्यांवर. दहा दिवस. खाज थांबेल, लाली उतरेल. पण रंग बंद!"

तीन दिवसांत खरंच खाज निवली. इंद्रभान रात्रभर झोपू लागला. आणि तिथेच त्याच्यातल्या नटानं घात केला. नाटकमंडळीत रंगाखाली खोबरेल चोपडायची रीत. त्याला वाटलं, खाज मारणारं मलमच खाली चोपडलं तर सफेदा काय करील? रंगीत तालमीला त्यानं अर्धी ट्यूब गळ्या-हातांना थापली आणि वरून सफेदा चढवला.

गुरुवारी सकाळी चट्ट्यांतून पाणी झिरपत होतं.

"विस्तवावर पाणी टाकतोस, आणि वरून रॉकेल?" डॉक्टर कडाडले. "हे मलम आहे, चिलखत नाही. जपून, थोडं लावायचं औषध आहे. थापत राहिलास तर कातडी कागदासारखी होईल."

जत्रेला चार दिवस उरले होते. मंडळीचे म्होरके भगवंतराव पारावर म्हणाले, "इंद्रभान, औंदा रानी कचरू करन. बिनरंगाची रानी लोक पाहतीन का गा?"

"कचरूले माह्यी रानी येते?"

"रंग तर लावता येते त्याले!"

इंद्रभान उठला. "मंग आयका. रंग लावनार नाही, आन् रानी सोडनारबी नाही. हिंमत असंन तं मले पडद्याआडून वढून काढा."

घरी पुष्पाबाई, त्याची बायको, लुगड्याला इस्त्री करत म्हणाली, "लोक हासतीन नं."

"हासू दे. हासाले तरी येतीनच ना!"

दिवेलागणीला पडदा वर गेला. पेट्रोमॅक्सच्या उजेडात, वनवासातून दरबारात परतलेली राणी उभी. चेहरा उन्हानं रापलेला, गळा लाल, हातांवर डाग उघडे. मंडपात खसखस पिकली. मागून कोणीतरी ओरडलं, "रानीसायेब, गयाले काय झालं वं?"

संवाद तिथेच थांबला. भगवंतरावांनी पडद्याच्या दोरीला हात घातला.

राणीनं मान वळवली, तीच ती अदा. "बारा वर्सं वनवास भोगून आली मी, बाबा. काट्याकुट्यात झोपली. तिथं काय तुह्या मायनं सफेद्याचा डबा धाडला होता?"

मंडप हसून लोटपोट झाला. राणी हसली नाही. तिनं डागांचे दोन्ही हात दरबारापुढे पसरले आणि हरवलेलं लेकरू मागितलं. हसू कुठल्या कुठे विरलं. पुढच्या रांगेत पदर डोळ्यांना लागले.

भगवंतरावांचा हात दोरीवरून कधी सुटला, त्यांनाही कळलं नाही. अंक संपल्यावर ते पडद्याआड आले, घसा खाकरला. "इंद्रभान, पुढच्या साली..."

"पुढच्या सालीबी रानी मीच," तो म्हणाला. त्यानं हात-गळा धुऊन टिपला, ट्यूब दाबून बोटाच्या टोकावर एवढंसं मलम घेतलं आणि चट्ट्यांवर पातळ फिरवलं. मग पदर डोक्यावर घेऊन दुसऱ्या अंकाला उभा राहिला.