आत्यांनी नंबर दिला नाही

अंबडमधल्या छोट्या ऑफिसांच्या कॉम्प्युटरची दुखणी हर्षल बघतो. दुखणं कसलंही असो, तो आधी विचारतो, "शेवटचा हात कोणी लावला?" मग सगळे एकमेकांकडे बघतात.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी द्राक्षनिर्यातीच्या ऑफिसात हे विचारायची गरजच पडली नाही. हात सगळ्यांनीच लावला होता. तिथलं काम भाड्याच्या एका सर्व्हरवर चालायचं. प्रत्येकजण आपल्या टेबलावरून त्याच दूरच्या मशीनमध्ये शिरायचा. पण ऑफिसच्या सॉफ्टवेअरचं खातं एकच, मालक देवव्रतकाकांच्या नावाचं. वेगवेगळी खाती घ्या, असं हर्षल कधीपासून सांगत होता. काका म्हणायचे, "अरे, एका घरात किती चुली मांडायच्या?" आज एकाच नावानं इतकी माणसं बघून खात्यानं सगळ्यांना बाहेर काढलं. फाइल दिसत होती, पण बदलता येईना.

बाहेर कंटेनर भरून उभा. दुपारपर्यंत तो बंदराकडे निघाला नाही तर जहाज चुकणार, आणि द्राक्षं कोणासाठी थांबत नाहीत. ऑफिसातल्या निकिताला निर्यातीच्या कागदांत शेवटची वजनं भरायची होती. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये तक्ते विस्कटायचे. तसे कागद मागच्या हंगामात बंदरावरून परत आले होते.

पुन्हा शिरायला ओटीपीचा नंबर हवा. तो काकांच्या फोनवर येणार. काका त्र्यंबकला वारलेल्या थोरल्या भावाच्या विधीला बसलेले; मधून उठता येत नाही. फोन त्यांच्या बहिणीकडे, सुधाआत्यांकडे.

"आत्या, हर्षल बोलतोय. मेसेजमधला नंबर वाचा."

"नाही वाचणार."

"आत्या, गाडी उभीये."

"असेल. दिवाळीत ऑफिसात तूच बजावलंस ना, नंबर कोणाला द्यायचा नाही? हर्षलनं मागितला तरी नाही, म्हणालास."

"मग व्हिडिओ कॉल करतो."

"चेहराही खोटा करतात. तूच दाखवलंस."

शेजारून निकिता म्हणाली, "भारी शिकवलंस रे."

हर्षलनं बाइक काढली. सातपूर, महिरावणी, अंजनेरी. रागवावं कोणावर, ते त्याला कळेना.

आत्या धर्मशाळेच्या ओट्यावर बसल्या होत्या. "हेल्मेट काढ," म्हणाल्या. नीट निरखून घेतलं. मग पर्समधून फोन काढला.

हर्षलनं निकिताला फोन लावला. "आधी सगळ्यांना उठव. दुसरं कोणी शिरलं तर तू पुन्हा बाहेर."

"दिनेशभाऊ, उठा. माउस सोडा. चहा तिकडे भिंतीपाशी प्या."

खुर्च्या सरकल्या. निकितानं नवा नंबर मागवला, आत्यांनी तो वाचला. पलीकडे टकटक झाली आणि थांबली.

"काय झालं?"

"नुसतं गोल फिरतंय."

"फिरू दे. काही दाबू नकोस."

अख्खं ऑफिस उभं असणार, आणि मधे एकटी निकिता बसलेली.

"उघडलं," ती म्हणाली. "आता गप्प बस. वजनं भरते."

फोन कानाला लावून तो ओट्यावर बसून राहिला. बऱ्याच वेळानं प्रिंटर वाजला, मग फाटक. गाडी निघाली.

आत्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. "मी केलं ते बरोबर की चूक?"

"बरोबर."

"मग तोंड असं का?"

हर्षल पाणी प्याला. "गाडी चुकली असती तर मी काय म्हणालो असतो, तेच बघतोय."