वेंडेलची फुसकी गोळी

वेंडेल कोवालचिकच्या बंदुकांनी एकही माणूस मारला नव्हता, आणि याचाच त्याला गर्व. पेनसिल्व्हेनियाच्या त्या कोळशाच्या गावात बाकीचे हौशी लढाईतल्या रायफली जमवत. वेंडेल जमवायचा शिकाऊ पोरांच्या, पॉइंट टू-टूच्या, म्हणजे बारीक गोळीच्या. आघाडीवर जाण्याआधी पोरं ज्या घेऊन नेम धरायला शिकली, त्या. बैठकीची भिंत त्यांनी भरली होती. लग्नाचा फोटो न्हाणीघराजवळ गेला होता.

साखरेच्या दुखण्यानं त्याचे डोळे अधू केले, मग बोटांची टोकंही बधिर झाली. बायको रोझलिन म्हणायची, "आता पुरे." तो म्हणायचा, "माझ्या बोटांना डोळे आहेत. ज्या दिवशी ती चुकतील, त्या दिवशी सगळ्या विकून टाक."

असल्या बंदुकीचा चाप रिकाम्या नळीवर ओढत नाहीत. आतला खिळा नळीच्या काठावर आपटून खाच पडते. म्हणून हे लोक आत उडालेल्या गोळीची पोकळ पुंगळी घालून ठेवतात. मग खुशाल ओढा, नुसतं टक.

रविवारी सकाळी वेंडेलनं प्रत्येकीत ताजी पुंगळी घातली. दुपारी मेहुणा चेस्टर आला आणि त्यातली एक बंदूक माजी सैनिकांच्या क्लबात टांगायला घेऊन गेला.

"भाऊजी, बायकोपेक्षा हिला जपून देताय!"

"बायको परत येते रे. तू घेतलेली वस्तू येत नाही."

तो गेल्यावर रोझलिन कोट धुवायला घेऊन आली. "काल नेमबाजीच्या मैदानावर एक गोळी उडाली नाही म्हणालास. खिशात टाकली होतीस ना? माझ्या मशिनीत जायची."

वेंडेलचा चेहरा उतरला. खिसा त्यानं सकाळीच पुंगळ्यांच्या डब्यात रिकामा केला होता. फुसकी गोळी दुसऱ्या ठोक्याला बहुतेक वेळा उडते, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

त्यानं डबा पालथा केला. मग एकेक बंदूक उघडली. पुंगळ्या गालिच्यावर पडत गेल्या आणि रोझलिन वाकून सांगत गेली, "पोकळ. हीपण पोकळ."

भिंत संपली, गोळी सापडली नाही.

क्लबात नव्या बंदुकीचा मान ठरलेला: प्रत्येकानं घड्याळावर नेम धरून चाप ओढायचा. घड्याळ टांगलेलं फळकुटाच्या भिंतीवर. भिंतीपलीकडे पिएरोगी, म्हणजे पोलिश करंज्या, तळणाऱ्या बायका.

"काहीतरी निमित्त सांगून चेस्टरकडून परत मागवू का?" तो पुटपुटला.

रोझलिननं फोन लावून त्याच्या हातात दिला. "खरं सांग."

"चेस्टर, ती कोणाच्या हातात आहे?"

"रांग लागलीय, भाऊजी! आता म्हाताऱ्या बोलेकची पाळी."

"माझ्या बोटांना कळलं नाही. आत जिवंत गोळी आहे."

"बोलेक! ठेव खाली!" चेस्टर ओरडला. पण बोलेकचे कान तोफांनी कधीच नेले होते.

आवाज लहानसाच आला, वाळकी काटकी मोडल्यासारखा. मग काहीच नाही. वेंडेल फोन कानात रुतवून बसला. रोझलिननं छातीवर क्रूस काढला.

बऱ्याच वेळानं लांबून एक बाई किंचाळली, "कढईला भोक पाडलंत, मेल्यांनो! माझ्या पोटापासून वीतभर!"

वेंडेलनं फोन ठेवला. उठला आणि भिंतीवरच्या बंदुका उतरवायला लागला. शेवटची बंदूक टांगलेला भिंतीतला खिळा काही केल्या त्याच्या बोटांना सापडेना. रोझलिननं त्याचा हात धरून खिळ्यावर नेऊन ठेवला.