दोरा बांधलेला भोपळा

बाबांनी अंबरनाथच्या एका कारखान्यात आयुष्यभर माल पास-नापास करण्याचं काम केलं. मला त्यांनी फार लवकर नापास केलं होतं. पण मी एकुलता एक, लॉटमध्ये दुसरा नगच नव्हता, म्हणून ठेवून घेतलं. निवृत्तीनंतर त्यांची नजर भोपळ्यांवर वळली आणि मी सुटलो.

मांजर्लीत आमच्या घरामागे जमिनीची अरुंद पट्टी आहे. तिथे त्यांनी नऊ पावसाळे लाल भोपळा लावला. बियांसाठी लोक सगळ्यांत मोठं फळ ठेवतात. बाबा ते आधी बाद करायचे. त्यांना हवा होता दोन माणसांना पुरेल एवढा, जाड गराचा, शिजल्यावर पाणी न सुटणारा. प्रत्येक वेलाचं एक फळ आई शिजवायची, बाबा चाखून वहीत लिहायचे, मग त्या वेलाचं बी राहायचं किंवा उकिरड्यावर जायचं. पहिल्या वर्षी एकाच भोपळ्याच्या बियांतून चार तऱ्हा निघाल्या. "तुझ्या भावांसारख्या," ते आईला म्हणाले. आठव्या वर्षी मात्र सगळे वेल एका वळणाचे झाले होते.

मधमाशीवर त्यांचा विश्वास नव्हता. फुलांची लग्नं ते स्वतः लावत. उद्या उमलणार अशी नर-मादी फुलं संध्याकाळी हेरून त्यांची तोंडं दोऱ्यानं बांधायची. पहाटे नर फूल तोडून मादीवर घासायचं, मादीचं तोंड पुन्हा बांधायचं, देठाला खुणेचा दोरा. या कार्यात माझा वाटा दोऱ्याचा. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये माझं दोरे-बटणांचं दुकान आहे.

आणखीही एक वाटा होता. शेजारच्या सिंधी दुकानदारानं मला भोपळ्याच्या बिया दिल्या, म्हणाला, "साईं, दस किलो का निकलता है, लगा के देखो." मी कुंपणाला लावल्या. बाबा म्हणाले, "राहू दे. आपली फुलं बांधलेली असतात."

त्याच पावसाळ्यात, ऐन फुलांच्या दिवसांत, बाबांना दवाखान्यात ठेवावं लागलं. जाताना त्यांनी औषधांचं काही विचारलं नाही. "जुनं बी सगळं पेरून झालंय. या वर्षी चार फुलं बांध. हे बी राहिलं की झालं," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी दवाखान्यातून आलो तो आडवाच झालो. जाग आली ती सकाळी नऊला. फुलं उमलून, माशांना भेटून, मिटायलाही लागली होती. दुसऱ्या माणसानं उद्याची फुलं बघितली असती. मी त्यांतल्याच चार मलूल फुलांची तोंडं व्यवस्थित बांधली, देठांना दोरे बांधले आणि डबा आणि आईला घेऊन दवाखान्यात गेलो.

"बांधलीस?"

"चारही."

"उजाडायच्या आत?"

"मोबाइलच्या उजेडात. माशा उठल्यासुद्धा नव्हत्या, बाबा." खोटं बोलताना मला नक्षी काढायची सवय आहे.

त्यांनी आईकडे पाहिलं. "खरं का गं?"

"मीच चहा केला की त्याला," आई म्हणाली.

मला वाटलं, दगदगीत तिचे दिवस एकमेकांत मिसळलेत. बाबा त्या दुपारी दोन घास जास्त जेवले. आठवड्यानं गेले.

दोरेवाले भोपळे पिकल्यावर आईनं ते शेजाऱ्यांकडून फोडून घेतले आणि बी राखेत ठेवलं. पुढच्या पावसाळ्यात मीच पेरलं. चांगली फुलं बांधली, अगदी पहाटे उठून. आता काय उपयोग होता. वेल वाढू लागले तशी मला पट्टीकडे जायची भीती वाटू लागली. एका वेलाला लांबट फळं, एकाला हिरवे पट्टे, एकाला ढोलासारखी. बाबांचा भोपळा एकाही वेलावर नव्हता; माशांनी कुंपणावरच्या वेलाचा पराग आणला होता. नऊ वर्षं एका सकाळीत गेली होती.

आमच्याकडे अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी बाई लावत नाही. आईनं पट्टेवाला भोपळा पाटावर ठेवला आणि सुरी माझ्याकडे केली. हे काम पहिल्यांदाच माझ्याकडे आलं होतं. मी दाबली, ती अर्ध्यात रुतली. काढताना भोपळाच सुरीबरोबर वर आला. आई हसली नाही. शेवटी तो फुटला. आत पातळ गर, धागे आणि भली मोठी पोकळी.

"आई, त्या दिवशी मी उशिरा उठलो होतो."

"ठाऊक आहे. खिडकीतून बघत होते. मेलेल्या फुलांना काय सजवत होतास."

"मग बाबांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? दुसऱ्या दिवशी बांधली असतीस तर चाललं असतं, हे तुला सांगायला हवं होतं. तेही नाही सांगितलं. माझं डोकंच नव्हतं रे त्या दिवसांत." तिनं फोड उचलून वास घेतला. "त्यांना फक्त 'हो' ऐकायचं होतं. ते मी म्हटलं. पहिल्यांदाच खोटं बोलले त्यांच्याशी."

भाजीला पाणी सुटलं. आम्ही दोघांनी ती संपवली. वही कपाटात होती. ती काढून चव लिहायचं मला धैर्य झालं नाही.

"बी टाकू?" मी विचारलं.

"धू आधी."

मी नळाखाली बिया धुतल्या, पेपरवर पसरल्या. बाबांचं काहीतरी त्यांत असणारच; मिसळलंय, नाहीसं झालेलं नाही. पण कुठल्या बीत किती, ते बाहेरून दिसत नाही. बराच वेळ एकेक उचलून बघत बसलो. सगळ्या सारख्याच पांढऱ्या होत्या.