दवाखान्यातून परत आलेली सरजाबाई

जळकोटकडे सरजाबाईच्या गावात दवाखान्यात जायची एक रीत होती. जीप आली की बायाबापड्या आधी रडून घ्यायच्या, रोग्याच्या तोंडात पाणी घालायच्या, आणि मगच त्याला गाडीत निजवायच्या. गेलेलं माणूस परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. लातूर नवा जिल्हा झाला, पण गावाची रीत जुनीच राहिली. दुष्काळात विहिरीचा गाळ पिऊन तिचा नवरा केरबा हगवणीनं असाच गेला. पाण्यानं हगवण वाढते म्हणून चार शहाण्यांनी त्याचं पाणी तोडायला लावलं होतं. सरजाबाईनं ते पाळलं. जीप दारात आली, तेव्हाच त्याला घोटभर मिळालं. दवाखान्यानंच माझा धनी खाल्ला, असं ती सगळ्यांना सांगत फिरायची.

पुढच्या उन्हाळ्यात विहीर पुन्हा आटली, तशी लेक तारामती तिला नांदेडला घेऊन आली. पण गाळाचं पाणी पोटात होतंच. आल्या दिवशीच हगवण लागली. तारामतीनं ना कुणाला बोलावलं, ना गळा काढला. भाकरी झाकली आणि आईला सरळ रिक्षात घातलं. पोटची पोर, आणि डोळ्यांत टिपूस नाही! सरजाबाईला काही उमजेना.

सलाईन लागल्यावर तिनं लेकीचा हात धरला. "कानातली फुलं तुला. शेळी शेजारच्या चांगुणाला दे."

"माय, उद्या घरी जायचंय आपल्याला."

"कुणाच्या घरी?"

शेजारच्या खाटेवर एक बाई पाय हलवत केळं खात होती. सरजाबाईनं तिला विचारलं, "तुमाला काय झालंय?"

"काय न्हाई. अंगात कणकण हाय जराशी."

कणकणीला दवाखाना! हिला वेड लागलंय की आपल्याला, तेच सरजाबाईला कळेना.

सकाळी ती चहा मागून प्यायली. डॉक्टर आला, जीभ बघितली. "मावशी, अंगातलं पाणी गेलं होतं, तेवढं भरून काढलं. जा आता घरी."

"निस्तं पाणी?"

"पाणी, मीठ, साखर. दुसरं काय?"

तारामती हसत पिशवी भरू लागली. सरजाबाई खाटेवरून हलली नाही. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळला होता, तरी ती त्याच्या पाठीकडे बघत म्हणाली, "सायब, माझे धनी तीन दिस पाणीच मागत हुते."

तारामतीच्या हातातली पिशवी तशीच राहिली.