उसनं नाव

रविवारी हॉटेलच्या दारात गर्दी होती. मॅनेजरनं मान वर न करताच विचारलं, "नाव?"

माझं नाव प्रभाकर. साठी उलटली तरी त्यातला 'प्र' ओठांशी येऊन अडतो. डॉक्टर म्हणतात, मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाचा गोंधळ असावा. 'आता बोल' हा इशारा तोंडाला वेळेवर पोचत नाही. जेवणाच्या नुसत्या वासानं मन हरखतं, तेही म्हणे त्याच्याच कृपेनं! म्हणजे आतून फोडणीचा वास आला की हा पठ्ठ्या हजर, आणि दारात नाव सांगायच्या वेळी मात्र याचे नखरे. वर लोकांचा सल्ला ठरलेला, "सावकाश बोला." अहो, याहून सावकाश म्हणजे गप्पच की!

मागे कुणीतरी खाकरलं. मी वैतागून नेहमीचं उसनं नाव सांगितलं, "अनिल." ते कसं सुळकन निघतं!

थोड्या वेळानं पुकारा झाला, "अनिल, दोन जण!"

माझ्याआधी बायकोच उठली. लग्नापासून मला नुसतं 'अहो' म्हणणारी ती, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "चला अनिलराव, आपला नंबर आला."