हळद शिजली की अंगठ्याला कळतं

डॉक्टरांनी माझी बोटं दाबून पाहिली, रक्ताचा रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, "रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे." म्हणजे आपलंच शरीर आपल्या सांध्यांवर उलटतं. मला आधी आठवली ती हळदीची कढई.

इंझोरीजवळ आमचा हळदीचा मळा. नवी नवरी होते तेव्हा सासूबाईंनी शिकवलं, उकळत्या कढईतलं हळकुंड काढायचं आणि अंगठ्यानं दाबायचं. अंगठा रुतला की शिजली. त्यांच्यामागं ते काम माझ्याकडे आलं. मी 'झाली' म्हटल्याशिवाय कढई उतरत नसे. काय रुबाब होता तेव्हा! पाडव्यापर्यंत हात पिवळे असायचे.

आणि आता पोलक्याचं हूक लागेना. त्या हंगामात यजमानांनी काडी खुपसून हळद पाहिली. पुन्हापुन्हा पाहायचे, तरी भरवसा नसायचा.

मेथोट्रेक्सेट सुरू झालं, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. सूज उतरू लागली. पण ह्यांना धीर कुठला! हळदीनं सूज जाते असं कुणीतरी सांगितलं. झालं, रोज सकाळी घरच्या हळदीचा दाट काढा, वर मिरपूड. समोर उभे राहून पाजायचे. मी कुरकुरत प्यायची.

पुढच्या तपासणीत लिव्हर एन्झाइम्स वाढलेले निघाले, म्हणजे यकृताला इजा. गोळी थांबली. वाशिमच्या दवाखान्यातल्या बाकावर माझं अवसानच गळालं. बोटं पुन्हा आखडणार, ही एकच भीती.

काढ्याचं कळल्यावर डॉक्टरांनी विचारलं, आधी का नाही सांगितलं? हे म्हणाले, "साहेब, हळद तं घरची हाय. तिले औषध कोन म्हन्ते?"

डॉक्टर चिडले नाहीत, समजावून सांगू लागले. पेशीत एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन असतं, ते जागं झालं की सूज आणणाऱ्या जनुकांना कामाला लावतं. हळदीतलं कर्क्युमिन त्याला आवरतं, असं प्रयोगशाळेत दिसतं. मिरीमुळे ते रक्तात जास्त उतरतं. "पण जे आत जाऊन काम करतं, ते औषधच. गोळीचा भार यकृतावर आधीच होता. भाजीत हळद राहू द्या, काढा बंद."

परतताना एसटीत ह्यांनी रिपोर्ट पुन्हा उलगडून पाहिला. मग म्हणाले, "म्याच केलं हे." मला राग यायला हवा होता, पण रडूच आलं. इतक्या मायेनं कुणी पाजलं होतं मला?

हळूहळू यकृत सावरलं, गोळी कमी मात्रेत पुन्हा सुरू झाली. तुमच्या घरीही एखादी मुळी, पाला चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. घरचं आहे म्हणून लपून राहतं.

यंदा कढई चढली. ह्यांनी हळकुंड पाण्यात निववून माझ्या तळहातावर ठेवलं. "पाह्य बरं."

दाबलं. दुखलं, पण अंगठा रुतला.

"झाली," मी म्हणाले.

ह्यांनी हातातली काडी चुलीत टाकली.